खेळ फोनमधून निघणार नाही

सातपूर, नाशिक
२७ जानेवारी

आदरणीय साडूभाऊ हिरामणराव यांस,

पुंजाचा हात जोडून नमस्कार. साळूताईंना वेगळा नमस्कार (तुमच्यात मिसळून पाठवलेला नमस्कार त्यांच्यापर्यंत पोचत नाही, असा चाळीस वर्षांचा अनुभव आहे). तुमच्या गुडघ्याचं कसं काय आहे? ओझरची थंडी आमच्यापेक्षा जास्त, त्यात तुमचं घर मोकळ्यावर, त्यात तुम्ही उजाडायच्या आत फिरायला निघता. जन्मभर विमानाच्या कारखान्यात नोकरी केली म्हणून थंडी माणसाला ओळख दाखवत नाही. कानाला मफलर बांधत जा. मला इथे बसून उगाच घोर लागतो. इकडे मंगलाची तब्येत बरी, योगेशची अंबडच्या कंपनीतली पाळी चालू, आणि माझं पित्त, रक्तदाब व डाव्या कानातली शिट्टी हे तिघेही जिथल्या तिथे आहेत.

कागदाचं पत्र बघून तुम्ही दचकला असाल. कोण गेलं म्हणून साळूताईंनी पदर तोंडाला लावलाही असेल. कोणी गेलेलं नाही. माझ्या फोनमध्ये सध्या निरोप पाठवायला जागा नाही, एवढंच समजा आणि सावकाश वाचा.

संक्रांतीला तुम्ही मंगलाच्या बटणाच्या फोनवर मला बोलावून घेतलंत. आधी म्हणालात, तिळगूळ घ्या, गोड बोला. मी घेतला. त्यानंतर वीस मिनिटं तुम्ही मला जे बोललात त्यात गोड शब्द एकही नव्हता. मी मोठ्या साडूला उलट बोलत नाही, म्हणून गप्प राहिलो. आता लिहितो, कारण कागदावर तुम्हाला मध्येच खोकला काढून माझं बोलणं तोडता येणार नाही. तुम्ही मला दोन हुकूम केलेत. पहिला, तो मारामारीचा खेळ फोनमधून काढून टाका. दुसरा, माघ वद्य पंचमीला आमच्या घरी सासूबाईंचं वर्षश्राद्ध आहे, तोवर मी काढलेला त्यांचा तो हसरा फोटो छापून फ्रेममध्ये बसवा. फ्रेम आलेली आहे. मंगलाने स्वतः जाऊन सोनेरी काठाची निवडली. ती रिकामी फ्रेम आमच्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून उभी आहे आणि येता-जाता मला तिची पाठ दिसते. पण हुकूम ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने उत्तर द्यावं. म्हणून पहिल्याचं आधी.

खेळ निघणार नाही.

आता कारणं. तुम्हाला वाटतं तसा हा पैसे लावायचा खेळ नाही. जपानी चित्रांतली माणसं असतात, डोळे बशीएवढे, केस वाळलेल्या कुसळासारखे उभे. दोघंजण समोरासमोर येतात आणि एकमेकांना मारतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते. मार बसला की पट्टी आखडते आणि संपली की माणूस आडवा. एवढंच. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी योगेश बारावीला असताना हाच खेळ त्याच्याकडे हातात धरायच्या एका काळ्या यंत्रात होता. मित्राने वापरून दिलेलं यंत्र. गणितात तो गटांगळ्या खायला लागला तेव्हा मी ते यंत्र जुन्या मिक्सरबरोबर भंगारवालीला देऊन टाकलं आणि बदल्यात एक निळी बादली घेतली. बादली चांगली निघाली, अजून मोरीत आहे. योगेश रोज तिच्यातूनच अंघोळ करतो आणि इतक्या वर्षांत त्या यंत्राबद्दल एक शब्द बोलला नाही. (हे न बोलणं मला कसं लागतं, ते तुम्हाला कळणार नाही. तुमच्या घरी सगळे बोलतात.)

तर या दिवाळीत त्याने माझा फोन मागून घेतला आणि काहीतरी खुडबुड करून तोच खेळ त्यात घातला. मी विचारलं, अरे, त्या यंत्रातला खेळ या फोनला कसा समजेल? तर म्हणाला, अण्णा, यात एम्युलेटर आहे, म्हणजे फोन त्या यंत्राचं सोंग घेतो. मला लगेच पटलं. आपल्या पेठकडच्या बोहाड्यात बघा, एरवी बांधावर विडी ओढणारा माणूस मुखवटा बांधला की देव होतो आणि लोक त्याच्या पाया पडतात. फोनने मुखवटा बांधला, खेळाला वाटलं आपलंच यंत्र आलं. यात फसवणूक कसली? दिवाळीनंतर तुम्ही एकदा फोनवर म्हणालात, हे चोरीचं असतं, पोलीस येतात. त्यानंतर दोन दिवस दाराची कडी वाजली की मी फोन नागलीच्या डब्यात लपवायचो. एकदा मंगलाने तोच डबा दळणाला नेला. गिरणीवाल्याने हाक मारून फोन परत दिला, नाहीतर आम्ही त्याची भाकरी खाल्ली असती. नंतर विचार केला, खेळ आमच्या घरात आला होता, माझ्याच हाताने गेला, आता परत आला. पोलिसांनी यायचंच असेल तर येताना निळ्या बादलीचाही पंचनामा करावा.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून तुम्हीही विचारात पडाल. मूळ खेळ फार मोठा. माझ्या फोनच्या पोटात मावेना. म्हणून योगेशने त्याचा कंप्रेस केलेला, म्हणजे दाबून लहान केलेला अवतार मिळवला. मी एकतीस वर्षं सातपूरला पॉवर प्रेसवर काढली. पत्रा दाबला की आकार बदलतो, वजन बदलत नाही. मग इथे वजन कसं उतरलं? ही शंका मला जेवू देईना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राजचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे (राज म्हणजे पोरगा नव्हे, चांगला पन्नाशीचा गृहस्थ आहे, नाव तेवढं तरुण). त्याला विचारलं की यातलं काय काढलंय? त्याने खेळ चालवून बघितला आणि सांगितलं, बाबा, यातलं बोलणं काढलंय, मधली गोष्ट काढलीय, गाणी काढलीत, फक्त मारामारी ठेवलीय. मी म्हणालो, म्हणजे आमच्या पेठच्या जमिनीच्या भाऊबंदकीसारखंच झालं. तिथेही गोष्ट काय होती ते आता कोणालाच आठवत नाही. राज इतका हसला की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला आणि मग आम्ही दोघांनी अर्धा तास तो शोधला.

तर माझ्या खेळात माणसं तोंड उघडतात, पण आवाज येत नाही. मला हे बरं वाटतं. घरात एक तरी ठिकाण असावं जिथे आपल्याला कोणी बोलत नाही.

यात चाळीस-पन्नास लढवय्ये आहेत. सगळे कुसळकेसवाले पोरसवदा. त्यात एकच म्हातारा आहे. पांढरी दाढी, कमरेत वाकलेला, हातात काठी. योगेश म्हणाला, त्याला घेऊ नका, तो लय हळू आहे, कोणी घेत नाही. मग मी त्यालाच घेतला. मी त्याला दाढीवाला बुवा म्हणतो. हळू आहे, हे खरं. दोन पावलं टाकली की थांबतो, कमरेवर हात ठेवतो. पण त्याचा एक मोठा डाव आहे, त्यात काठीतून असा लोळ निघतो की समोरच्याची अर्धी पट्टी साफ. तो डाव करायला दोन बाजूंची दोन बटणं एकाच क्षणी दाबावी लागतात. अर्धा श्वास मागे-पुढे झालं तर बुवा नुसताच खोकतो. योगेशला दहात दोनदा जमतं. मला दहात दहादा. का? पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहू नयेत. (माझा डावा अंगठा अर्धा गेला तो ज्या जुन्या प्रेसला ही सोय नव्हती तिच्यावर. नंतर सोय आली, अंगठा काही आला नाही.) एका पाळीत दोन-दोन हजार वेळा, अशी एकतीस वर्षं मी ती बटणं दाबली. निवृत्त झाल्यावर कंपनीने शाल दिली, नारळ दिला, आणि या हातांना पुढे काय काम ते कोणी सांगितलं नाही. हिरामणराव, तुम्ही मला म्हणालात, या वयात हातात माळ असावी. माळ एका हाताने ओढतात. माझे दोन्ही हात एकदम चालायला शिकलेत, त्यांचं मी काय करू?

पहिल्यांदा बुवाचा लोळ निघाला तेव्हा योगेश माझ्या शेजारी सतरंजीवर बसला होता. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि ओरडला, अरे अण्णा, कसं केलंत! तो मला असं शेवटचं कधी ओरडला होता ते आठवायला मला बराच वेळ लागला. तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की आम्ही पाळीपाळीने खेळतो. एक फेरी त्याची, एक माझी. मंगला पलीकडे भाजी निवडते आणि आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात भाजीशी बोलते. बूड हलत नाय आणि म्हणे लढाई चालू हे. त्या पोराला काठी घालण्यापरीस ती घेऊन दाराशी बसा, कुत्री तरी हाकला. आम्ही ऐकून घेतो. फोन फार तापला की त्याला माठाच्या ओल्या फडक्याला टेकवून बसतो, कारण बॅटरी फुटून योगेशच्या डोळ्याला काही झालं तर, ही भीती मला खेळताना सतत असते.

आता त्या बँकेच्या प्रकरणाबद्दल, ज्याची बातमी तुमच्यापर्यंत तिखट-मीठ लावून गेली. नोव्हेंबरात मी हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. रांग मोठी, खुर्ची मिळाली, म्हणून बुवाला बाहेर काढलं. शेवटून दुसरा गडी समोर होता. बँकेतल्या बाईंनी माझं नाव तीनदा पुकारलं, म्हणे. चौथ्यांदा त्या उठून आल्या आणि विचारलं, आजोबा, हयात आहात ना? मी वर न बघता सांगितलं, थोडी पट्टी शिल्लक आहे, थांबा. सगळी रांग हसली. यात माझी अब्रू गेली असं तुमचं म्हणणं. पण ज्याला हयात आहे का विचारलं त्याने खरं तेच सांगितलं. आणि नंतर मशीनने माझा अंगठा ओळखला नाही, तो खेळामुळे झिजला, हे साळूताईंचं म्हणणं तर साफ चूक. सरकारी मशीन माझा अंगठा दहा वर्षांपासून ओळखत नाही. उजवा झिजलेला, डावा अर्धा. शेवटी डोळा दाखवून मी जिवंत ठरलो.

आता संक्रांतीचं. तुमचं बोलणं ऐकून मी फोन मंगलाच्या हातात दिला तेव्हा ती एवढंच म्हणाली, भावजी बरोबर बोलतात. मला राग आला. खोटं कशाला सांगू? मी ठरवलं, शेवटचा गडी आता पाडायचाच आणि दुसऱ्या दिवशी मंगलाला दाखवायचाच. शेवटचा गडी म्हणजे काळ्या झग्यातला, हवेत तरंगणारा, ज्याने मला दीड महिना धुळीत लोळवलं. सकाळी तिची मैत्रीण भागुबाई हिच्याकडे हळदीकुंकवाला मदत करायला ती गेली आणि मी बसलो. तर फोनने लाल अक्षरांत सांगितलं, जागा संपली. आता इथवर पोचलेलं सगळं जपून ठेवता येणार नाही. व्हॉट्सॲप मी आधीच काढलं होतं (तुमची रोजची सूर्योदयाची आणि गुलाबाची चित्रं, त्यांच्यावर सुविचार. माफ करा, पण तुमचा फोन म्हणजे भंगाराचं गोदाम आहे, आलेलं काहीही तुम्ही टाकत नाही, असं मी भागुबाईच्या नातवाच्या जावळात चारचौघांत म्हणालो होतो). भजनं काढली होती. उरले फोटो. फोटो टाकायचे नव्हते, मी इतका वाया गेलेला नाही. राजने शिकवलं होतं की फोटोसुद्धा खेळासारखे कंप्रेस होतात. सगळे आवळून एक गठडी बांधायची, आत फोटो, बाहेरून एक गाठ. मी एकट्याने, चष्मा पुसून, सगळे फोटो एका गठडीत बांधले. झाले. फोनने विचारलं, मूळचे काढू का? काढ म्हणालो.

मग मी आजूबाजूला बघितलं तर त्या गठडीनेच जागा अडवलेली. आमच्या शॉपमधला नियम तुम्हाला माहीत आहे, तुमच्याकडेही असेल. पेटी फुटली, माल निघाला, की रिकामी पेटी जमिनीवर ठेवायची नाही, ताबडतोब भंगारात. त्याबद्दल मला दोनदा स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र मिळालेलं आहे. खेळ फोनमध्ये घातला तेव्हाही योगेशने तसंच केलं होतं. खेळ गठडीतून बाहेर काढला आणि रिकामी गठडी टाकून दिली. मीही सवयीने जमीन साफ केली. जागा एकदम मोकळी झाली. बुवा मैदानात उतरला, आणि हिरामणराव, सांगायला आनंद वाटतो की तिसऱ्या फेरीत दोन्ही बटणं एकदम दाबून मी त्या काळ्या झग्याला आडवा केला. पडद्यावर जपानीत काहीतरी मोठं लिहून आलं. काय ते कळलं नाही. शाल-नारळासारखंच काही असणार.

म्हणून लिहितो, माझं काहीही चुकलेलं नाही. मी कोणाला लुबाडलं नाही, दारात दारू आणली नाही, मुलाशी बोलायला लागलो एवढाच गुन्हा. खेळ निघणार नाही. पंचमीला तुम्ही आल्यावर सगळ्यांसमोर विचारलंत तरी हेच सांगेन. साळूताईंना सांगा, त्या दिवशीचं जेवण साधंच ठेवलंय, नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं, सासूबाईंना आवडायचं तसं.

कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

आपला लहान साडू
पुंजा

ता. क. दुसरा हुकूम राहिला. तुमच्या लक्षात आलंच असेल. गठडी रिकामी नव्हती. खेळात माल बाहेर आणि गठडी रिकामी असते, फोटोंच्या बाबतीत माल आत असतो. हे मला झग्यावाला पडल्यावर पाच मिनिटांनी कळलं. सासूबाईंचा तो फोटो गेला. तुम्हाला माहीत आहे, त्या जन्मभर फोटोला उभ्या राहिल्या नाहीत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायच्या. एक आधार कार्डावरचा आहे, त्यात त्या कोंबडी चोरताना सापडल्यासारख्या दिसतात. मंगला म्हणते, माझी आई अशी नव्हती. हसरा तेवढा एकच, त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर काढलेला. मी फोन धरून मागे-मागे सरकत गेलो आणि वाळत घातलेल्या नागलीच्या पापडांत दोन्ही पायांनी उभा राहिलो. त्या तोंडात एकही दात नसताना अशा हसल्या, की त्यांना नको म्हणायचंही भान राहिलं नाही. तो फोटो त्याच संध्याकाळी मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तुम्ही उलट हात जोडलेलं चित्र टाकलंत. घरातल्या घरात कशाला म्हणून योगेशला पाठवला नाही. तेव्हा कृपा करून तुमचा फोन शोधा. त्या उन्हाळ्याचे गुलाब आणि सूर्योदय उपसत खाली जा. गोदामाबद्दलचे शब्द मी मागे घेतो. ज्याच्या घरी गोदाम आहे तो माणूस मोठा.

ता. क. २. हे पत्र कागदावर का, ते खरं सांगतो. फोन बंद आहे. राज म्हणाला, फोटो गेला तरी त्याची जागा लगेच बुजत नाही, पण त्यावर नवं काही पडलं की संपलं. म्हणून खेळ तर सोडाच, फोन चालूसुद्धा करू नका. कोणी जाणकार माणूस बघून देईल तर बघू, पण भरवसा नाही. आज बारा दिवस झाले, फोन फडक्यात गुंडाळून नागलीच्या डब्यात आहे आणि मी बुवाचं तोंड पाहिलेलं नाही. योगेशला सांगितलं, चार्जिंगची पिन बिघडली. मंगलाला वाटतं, भावजींच्या बोलण्याचा गुण आला. ती तसं साळूताईंना कळवणार आहे. तो मान तुम्ही खुशाल घ्या, मी काही बोलणार नाही. पण फोटो तुमच्याकडेही नसला तर पंचमीच्या आदल्या दिवशीच या आणि माझ्या शेजारी बसा. मंगलाला मीच सांगणार आहे, माझ्याच तोंडाने. ती आईची फ्रेम रोज पुसते. आत काही नाही, तरी पुसते.

ता. क. ३. खेळ मात्र निघणार नाही, हे वर लिहिलंय ते कायम. योगेश सांगतो, दोन फोन जोडले की दोन माणसं समोरासमोर लढू शकतात. तुम्ही चाळीस वर्षं मला तोंडाने हरवत आलात, एकदा बटणांनी या. बुवा मी घेणार. तुमच्या फोनमध्ये जागा लागेल, ती करून ठेवा. पण त्याआधी, हिरामणराव, पाया पडतो, फोटो कागदावर छापून घ्या.